गोवंशातील उष्णताताण

उष्णताताण (गोवंशातील) : सभोवतालातून मिळणारी आणि शरीरात निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकणे गाईबैलांना जमेनासे झाले म्हणजे जी शारीरिक अवस्था उद्‌भवते ती. उष्माघात ही तिची तीव्र परिणती होय. या नोंदीत ताणाचे मापन, वंशपरत्वे दिसणारी सहनशक्ती आणि उपाय यांचा विचार केला आहे. म्हशींच्या कातडीत घामग्रंथी विरळ असल्याने त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तो येथे घेतलेला नाही.

उष्णतेचा ताळेबंद : निरोगी गाईचे गुदमार्गी तापमान 38.5° से.च्या आसपास असते. यूरोपीय वंशाच्या दुभत्या गाईला साधारणपणे 5° ते 25° से. हवा मानवते, झेबू गटातील (वशिंड असलेल्या, मूळच्या भारतीय उपखंडातील) गाईंची वरची मर्यादा बरीच पुढे असते. बाहेरच्या उन्हाइतकीच आतली भट्टीही महत्त्वाची आहे. कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) चारा आंबताना उष्णता निघते, दूध तयार होतानाही निघते. दिवसाला 30 किलोच्या आसपास दूध देणारी गाय भाकड गाईच्या जवळजवळ दीडपट उष्णता निर्माण करते. त्यामुळे एकाच गोठ्यात सर्वांत आधी धापा टाकू लागते ती बहुधा सर्वांत दुधाळ गाय.

हवा कातडीपेक्षा थंड असेपर्यंत बरीचशी उष्णता वारा, जमीन आणि प्रारण (किरणांच्या रूपाने होणारे उत्सर्जन) यांवाटे निघून जाते. हवेचे तापमान 35° से.च्या पुढे गेले की हे मार्ग जवळपास बंद होतात आणि बाष्पीभवन तेवढे उरते : मुख्यतः कातडीवरील घामाचे, काही अंशी श्वासमार्गातील ओलाव्याचे. विश्रांतीत प्रौढ गाय मिनिटाला सुमारे 25 ते 50 वेळा श्वास घेते. हा आकडा 60 च्या वर गेला की ताण सुरू झाला असे धरतात. पुढे तोंड उघडते, लाळेची तार लोंबू लागते, मान पुढे ताणली जाते व जीभ बाहेर येते. अतितीव्र अवस्थेत श्वास पुन्हा संथ आणि खोल होतो, कुशी जोराने आत-बाहेर होतात. श्वास मंदावला म्हणजे जनावर सावरले असा समज होण्याची ही जागा आहे. प्रत्यक्षात ते कोसळण्याच्या बेतात असते.

धाप लागल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व रक्त अल्कधर्मी होते. तोल सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट (आम्लता शमविणारा क्षार) बाहेर टाकतात. एरवी लाळेवाटे कोठीपोटात पोहोचणारे बायकार्बोनेट त्यामुळे घटते आणि गळणारी लाळही वायाच जाते. परिणामी कोठीपोटात आम्लता वाढते. उन्हाळा सरता सरता दिसणाऱ्या लंगडेपणाचा संबंध अनेक अभ्यासक या साखळीशी जोडतात. तथापि गरमीत गाई बसण्याऐवजी तासन्‌तास उभ्या राहतात, हेही त्याचे तितकेच सबळ कारण असावे.

दिवसा साठलेली उष्णता जनावर रात्री बाहेर टाकते. हवा रात्री काही तास 21° से.च्या खाली उतरली तर दिवसाचा कडक उकाडाही ते बऱ्यापैकी झेलते. रात्र गरम राहिली तर ताण दिवसागणिक साचत जातो. दुधातील घट साधारण दोन दिवस मागून दिसते. त्यामुळे हवा निवळल्यानंतर दूध कमी झाले की दोष चाऱ्याच्या माथी मारला जातो.

मापनाचा वाद : तापमान-आर्द्रता निर्देशांक हे सर्वांत रूढ माप मुळात गाईंसाठी नव्हतेच. अमेरिकेच्या हवामान खात्यातील ई. सी. थॉम यांनी 1959 मध्ये माणसाला वाटणाऱ्या अस्वस्थतेचा अंदाज घेण्यासाठी तो मांडला. शुष्क आणि आर्द्र फुग्यांच्या तापमापकांवरील आकडे त्यासाठी पुरत. 1960 च्या दशकात मिसूरी विद्यापीठातील संशोधकांनी नियंत्रित हवामानाच्या खोल्यांत गाई ठेवून दुधातील घटीशी त्याची सांगड घातली. त्यातून 72 हा उंबरठा रूढ झाला आणि पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. त्या प्रयोगांतील गाई आजच्या मानाने बेताचेच दूध देणाऱ्या होत्या. ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी 2009 च्या सुमारास अधिक दुधाळ गाईंसाठी हा उंबरठा 68 वर आणावा असे सुचविले. दुधाबरोबर आतली उष्णता वाढते हे लक्षात घेता हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र 68 किंवा 72 या आकड्याशी निसर्गात काही अचानक घडते असे नव्हे. घट हळूहळू वाढत जाते, रेषा आपण आखतो.

मोठी उणीव दुसरीच आहे. 40° से. तापमान व 15 टक्के सापेक्ष आर्द्रता असताना प्रचलित सूत्राने निर्देशांक 82 ते 83 येतो. 30° से. व 80 टक्के आर्द्रतेलाही तो तेवढाच येतो. आकडा एकच, पण पहिल्या हवेत ओली कातडी झपाट्याने वाळून गाईला थंडावा देते आणि दुसऱ्या हवेत पाणी अंगावर तसेच राहते. पहिल्या ठिकाणी पाणी हा मुख्य उपाय, तर दुसऱ्या ठिकाणी वाऱ्याशिवाय पाण्याचा उपयोग थोडा. याखेरीज ऊन आणि वारा यांना या सूत्रात जागाच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी फ्लॉरिडातील संशोधकांनी 1981 मध्ये हवेच्या तापमानाऐवजी काळ्या गोलकातील (उन्हाचे प्रारण शोषणाऱ्या काळ्या पोकळ गोळ्यातील) तापमान वापरणारा निर्देशांक सुचविला. ऑस्ट्रेलियातील गोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये गोलकाचे तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग एकत्र करून उष्णताभार निर्देशांक मांडला. त्यात ताण किती तास साचत गेला याचाही हिशेब ठेवता येतो. मांसासाठी उघड्यावर पोसल्या जाणाऱ्या जनावरांसाठी हा निर्देशांक अधिक उपयोगी मानतात. जून 2022 मध्ये अमेरिकेतील कॅन्ससच्या नैर्ऋत्य भागात किमान 2,000 जनावरे दगावली. उष्णतेच्या जोडीला त्या दिवसांत आर्द्रता वाढली होती, वारा पडला होता आणि रात्री पुरेशा निवत नव्हत्या.

गोठ्यापुरते बोलायचे तर दुपारी चार-पाच गाईंच्या कुशीकडे पाहून मिनिटाचे श्वास मोजणे हे कोणत्याही सूत्रापेक्षा भरवशाचे. वारा, ऊन, दूध आणि वंश हे सारे घटक त्या एका मोजणीत आपोआप येतात.

वंश आणि सहनशक्ती : झेबू व यूरोपीय गोवंश यांच्या पूर्वजशाखा काही लाख वर्षांपूर्वी विभक्त झाल्या असे जनुकीय अभ्यासावरून मानतात, अंदाजांत मोठी तफावत आहे. झेबू माणसाळला तो भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात, बहुधा सुमारे 8,000 वर्षांपूर्वी. बलुचिस्तानातील मेहरगढ या प्राचीन वसाहतीतील अस्थी त्याचा मुख्य पुरावा होत. उष्णता सोसण्याची ताकद माणसाळण्यापूर्वीच अंगी आली होती, की नंतरच्या निवडीने वाढली, याविषयी एकमत नाही. रानटी शाखेला उष्ण प्रदेशात मिळालेला दीर्घ काळ पाहता पहिली शक्यता अधिक दिसते.

ही ताकद नेमकी कशात आहे यावर पुष्कळ लिहिले गेले. वशिंड आणि गळ्याखालची लोंबती पोळी यांमुळे पृष्ठभाग वाढतो व त्यातून उष्णता निघून जाते, हे जुने स्पष्टीकरण अजूनही लोकप्रिय आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत मॅक्‌डॉवेल यांनी लाल सिंधी या झेबू वंशाच्या वळूंच्या बाबतीत हे अवयव शस्त्रक्रियेने काढून पाहिले. उष्णता सोसण्याच्या क्षमतेत विशेष फरक पडला नाही. त्यानंतर भर घामग्रंथींवर गेला. गाईंमध्ये प्रत्येक केसाच्या मुळाशी एक घामग्रंथी असते. झेबूंमध्ये त्या मोठ्या, पिशवीसारख्या आणि कातडीच्या पृष्ठाला अधिक जवळ असतात. तथापि आज अधिक वजन दिले जाते ते कमी चयापचय दराला. झेबू मुळात उष्णता कमी निर्माण करतो, शिवाय त्याचे आखूड, चकचकीत केस उष्णता अडवून धरत नाहीत.

सहनशक्ती आकड्यात मांडण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न ए. ओ. ऱ्होड यांचा. लुइझियानातील आयबेरिया प्रक्षेत्रावरील कामावरून त्यांनी 1944 मध्ये ही कसोटी प्रसिद्ध केली. जनावराला उन्हात ठेवून गुदमार्गी तापमान घेत आणि 101° फॅ.च्या वर चढलेल्या दर अंशामागे शंभरातून 10 गुण वजा करीत. कसोटी सोपी खरी, पण कमी खाणारे आणि कमी दूध देणारे जनावर तीत आपोआप वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होते.

यूरोपीय धर्तीच्या काही उष्णकटिबंधीय गाईंतही आखूड, गुळगुळीत केसांचे प्रभावी जनुक आढळते. कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेटावरचा सेनेपोल हा त्यांतील प्रसिद्ध वंश. त्याच्यातील बदल प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या ग्राहकाच्या जनुकात असल्याचे 2014 मध्ये दाखविले गेले. हा गुण पश्चिम आफ्रिकेतील एन्‌दामा गाईंकडून आला असे वंशाच्या पारंपरिक इतिहासावरून समजले जाई. जनुकीय पाहण्यांत मात्र सेनेपोलमध्ये एन्‌दामाचा अंश अत्यल्प निघाला. लॅटिन अमेरिकेतील क्रिओयो गाईंत त्याच जनुकातील वेगळे बदल सापडले असल्याने हा गुण एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजला असावा. संकराने तो होल्स्टीन गाईंत आणला गेला आहे. जनुकसंपादनाने हाच बदल घडविलेल्या मांसल गोवंशाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च 2022 मध्ये कमी जोखमीचा ठरविले.

दूध का घटते : गरमीत गाय कमी खाते म्हणून दूध घटते, हे उत्तर दीर्घकाळ पुरेसे मानले गेले. ॲरिझोनातील प्रयोगांत थंड जागेतील गाईंना उष्ण जागेतील गाई खात तेवढेच मोजून खाद्य दिले, तेव्हा घटीचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा एवढाच कमी खाण्याने स्पष्ट झाला. अर्धपोटी गाय एरवी अंगची चरबी वापरते. उष्णताताणात रक्तातील इन्सुलिन वाढते आणि चरबी पुरेशी सुटत नाही. नुसता खुराक वाढवून दूध पूर्वपदावर येत नाही ते यामुळे.

उपाय : सावली हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. ती जनावरावर येणाऱ्या प्रारणाचा भार सुमारे 30 टक्के किंवा अधिक कमी करते. हवेचे तापमान मात्र फारसे उतरत नाही. झाडाची सावली छपरापेक्षा सरस, कारण तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता टाकतो. छप्पर साडेतीन ते चार मीटर उंच आणि प्रत्येक गाईमागे सुमारे 4 चौ.मी. सावली असावी. मातीच्या जमिनीवर छपराची लांबी दक्षिणोत्तर ठेवतात, म्हणजे सावली दिवसभर सरकते व जमीन वाळते. काँक्रीटवर पूर्वपश्चिम ठेवणे सोयीचे.

पाण्याने गार करण्याबाबत गैरसमज फार आहेत. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोजूल उष्णता खर्ची पडते. तेच पाणी 15 अंशांनी तापून अंगावरून वाहून गेले तर साधारण 63 किलोजूल, म्हणजे जेमतेम चाळिसावा हिस्सा, निघून जाते. उपयोग वाफेचा आहे, भिजवण्याचा नव्हे. बारीक धुके सोडल्यास थेंब केसांच्या टोकांवर अडकतात व खालची हवा कोंडून ठेवतात. दमट हवेत असे धुके अपायकारकच ठरते. थेंब मोठे हवेत, पाणी कातडीपर्यंत मुरले पाहिजे आणि मग वारा मिळाला पाहिजे. इस्राएलमध्ये फ्लामेनबाउम व सहकाऱ्यांनी 1986 मध्ये वर्णन केलेली पद्धत याच तत्त्वावर आहे. तेथील रूढ क्रम म्हणजे अर्धा मिनिट पाणी, साडेचार मिनिटे पंखे, आणि हे आवर्तन अर्धा तास किंवा अधिक. पाठ निथळून पाणी कासेवर येऊ लागले तर पाणी जास्त झाले असे समजावे, कारण ओल्या सडांतून स्तनदाहाचा धोका वाढतो.

पिण्याचे पाणी सतत आणि सावलीत हवे; दूध काढल्यानंतर गाई एकदम पाण्यावर येतात, तेव्हा सर्वांना एकाच वेळी पिता येईल एवढी टाकी असावी. दिवसाच्या खाद्याचा मोठा भाग संध्याकाळनंतर व पहाटे द्यावा, म्हणजे आंबण्याची उष्णता दुपारी पडत नाही. गाईच्या घामातून सोडियमपेक्षा पोटॅशियम अधिक जाते, म्हणून खनिज मिश्रणात दोन्हींची भर घालतात. चोथायुक्त चारा कमी करून धान्य वाढविले की उष्णता थोडी घटते, पण आम्लतेचा धोका आधीच वाढलेला असल्याने हा उपाय जपूनच करावा.

प्रजनन : गरमीत माज थोडा वेळ टिकतो व लक्षात येत नाही. भ्रूण पहिल्या दिवशी सर्वांत नाजूक असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याची सहनशक्ती बरीच वाढते. उष्णतेने बिघडलेले वळूचे वीर्य सुधारायला सुमारे दोन महिने लागतात. भाकड काळात (विण्याआधी दूध बंद असते त्या काळात) शेवटच्या आठवड्यांत ताण बसलेली गाय पुढच्या वेतात कमी दूध देते आणि तिची कालवडही पुढे मागे पडते, असे फ्लॉरिडा विद्यापीठातील अभ्यासांत आढळले आहे. भाकड गाईला पंख्याखालून सर्वांत आधी हलविण्याची गोठ्यांतील रीत त्यामुळे तोट्याची ठरते.

ओढकामाचे बैल : स्नायूंच्या कामाची उष्णता चयापचयात भर घालते. कामे पहाटे व सायंकाळी उरकणे आणि धाप लागताच जू उतरवणे हे प्रमुख उपाय.

उष्माघात : शरीराचे तापमान 41° से.च्या पुढे गेलेले जनावर तातडीच्या उपचारांचे समजावे. त्याला चालवत नेण्याऐवजी आहे तेथेच सावली करावी, अंग कातडीपर्यंत भिजवून वारा घालावा, जवळ पाणी ठेवावे व पशुवैद्याला बोलवावे. ओले गोणपाट अंगावर टाकून ठेवू नये. ते वारा अडवते आणि काही वेळाने स्वतःच तापते. धाप लागलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तापमान 39.5° से.च्या आसपास उतरले की भिजवणे थांबवावे, कारण त्यानंतरही ते काही काळ खाली येत राहते.