आहारविकार : जनुके आणि परिस्थितीचा ताण

खाणे, वजन आणि स्वतःचे शरीर यांविषयीचे विचार व वागणे बिघडून प्रकृती धोक्यात आणणाऱ्या मानसिक आजारांना आहारविकार म्हणतात. ॲनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहणे), बुलिमिया नर्व्होसा (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते भरून काढणे) आणि अतिभक्षण विकार (ताबा सुटून वारंवार भरमसाट खाणे) हे त्यांतले प्रमुख. ॲनोरेक्सियाचे वर्णन १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये चार्ल्स लासेग या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे केले. पुढे दीर्घकाळ या आजाराचे मूळ घरातच, विशेषतः आईच्या वागण्यात, शोधले गेले. या आरोपाने अनेक कुटुंबांना विनाकारण अपराधी ठरवले.

जुळ्यांच्या अभ्यासांनी हे चित्र पालटले. समरूप (जवळजवळ सारखीच जनुके असलेल्या) जुळ्यांपैकी एकाला ॲनोरेक्सिया असेल, तर दुसऱ्यालाही तो असण्याची शक्यता भिन्नरूप (सख्ख्या भावंडांइतकेच जनुकीय साम्य असलेल्या) जुळ्यांपेक्षा बरीच जास्त आढळते. या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा बहुधा ५० ते ६० टक्के निघतो. एखाद्या मुलीचा निम्मा आजार जनुकांनी आणि निम्मा परिस्थितीने घडवला, असा याचा अर्थ मुळीच नाही. माणसामाणसांत या आजाराचा धोका कमी-जास्त असतो. त्या फरकापैकी किती फरक जनुकीय भेदांशी निगडित आहे, एवढेच हा आकडा सांगतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलू शकतो. वयानुसार तर तो बदलतोच : अमेरिकेतील मिनेसोटामधल्या जुळ्या मुलींत वयात येण्यापूर्वी आहारविकाराच्या लक्षणांवर जनुकांचा प्रभाव जवळजवळ दिसला नाही, वयात आल्यावर मात्र तो ठळक झाला. संप्रेरकांतील बदल हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.

यासाठी कोणतेही एक जनुक जबाबदार नाही. सुमारे १७,००० ॲनोरेक्सिया रुग्णांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातील या आजाराशी निगडित आठ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा. त्यात ॲनोरेक्सियाचे जनुकीय नाते मंत्रचळ (ओसीडी) व चिंता यांच्याशी दिसले, तसेच चयापचयाशीही. म्हणून हा केवळ मनाचा हट्ट समजणे चूक आहे.

वजनावरून मारलेले टोमणे, छळ, लैंगिक अत्याचार, एकटेपणा, नृत्य किंवा खेळातली सडपातळ राहण्याची सक्ती हे ताण धोका वाढवतात. फिजीच्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. तीन वर्षांनी संशोधक ॲन बेकर यांनी केलेल्या पाहणीत वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेले होते. तरीही बहुसंख्य मुली त्या वाटेला गेल्या नाहीत.

जनुक आणि ताण एकत्र कसे काम करतात, हे कोलंबिया विद्यापीठातील उंदरांवरच्या प्रयोगात (२०१६) दिसले. बीडीएनएफ या, मेंदूतील चेतापेशींच्या वाढीला मदत करणारे प्रथिन बनवणाऱ्या, जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्या उंदरांना किशोरवयात एकटे ठेवून कमी अन्न दिले, तेव्हा त्यांच्यात अन्न टाळण्याचे प्रमाण बरेच वाढले. डाएट, आजारपण किंवा कडक उपास, कारण कोणतेही असो, वजन घटणे ही माणसातही अनेकदा सुरुवात ठरते. बहुतेकांना भूक पुन्हा ताटाकडे आणते; ॲनोरेक्सियाकडे कल असलेल्या काहींना मात्र न खाल्ल्याने चिंता कमी झाल्यासारखी वाटते आणि उपासमार चालूच राहते.

आजार आधीच ओळखणारी जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही. उपचारात वजन पूर्ववत करण्याला प्राधान्य असते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारात तर किशोरवयीन रुग्णाच्या जेवणाची जबाबदारी सुरुवातीला आईवडिलांकडेच सोपवतात.