'स्पेशल', 'सिक्स युनिट' आणि आता 'मेजर': कोकणातल्या संख्याशास्त्राच्या पदवीची पार्श्वभूमी

कोलकात्याला १९४१ साली संख्याशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग सुरू झाले. मुंबईला १९४८ आणि पुण्याला १९५३ साली विद्यापीठाचा विभाग निघाला. फॅसिट या गणनयंत्राचं हँडल फिरवून बेरजा करण्याच्या त्या काळात सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या एका संख्याशास्त्रज्ञाने पीक कापणी प्रयोगांना, म्हणजे शेताचा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढण्याला, नमुना निवडीची शिस्त लावली. शेताचा तुकडा फार लहान कापला तर कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं, यावरून त्याचा कोलकात्याच्या संख्याशास्त्रज्ञांशी मोठा वाद झाला. 'उपयोजित संख्याशास्त्र' म्हणजे काय, हे या एका वादातून जितकं कळतं तितकं कुठल्याच व्याख्येतून कळत नाही.

कोकणात घोळ आहे तो नावाचा. शासनाच्या कचेरीत 'सांख्यिकी', विद्यापीठात 'संख्याशास्त्र', मुलांच्या तोंडी 'स्टॅट्स'. पदवीच्या विषयाचंही तसंच. १९६२ साली कोल्हापूरला विद्यापीठ झाल्यावर तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा काही काळ तिकडे जोडलेला होता. घाटावर मुख्य विषयाला 'स्पेशल' म्हणत. मुंबईच्या पद्धतीत तिसऱ्या वर्षी एकच विषय घेतला तर 'सिक्स युनिट', दोन घेतले तर 'थ्री युनिट' म्हणत. त्यात भर 'अप्लाइड कंपोनंट'ची. हा मुख्य विषयाला जोडलेला वेगळा पेपर. त्यामुळे 'अप्लाइड स्टॅटिस्टिक्स' म्हटलं की अनेक पालकांना तो पेपरच वाटायचा, अख्खी पदवी नव्हे.

आता मुख्य विषयाला शब्द आला 'मेजर'. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं, पण महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. तीन वर्षांची पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, मात्र दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यायचा.

खरा वाद आहे तो मायनरचा, म्हणजे मेजरच्या जोडीच्या दुय्यम विषयाचा. जुन्या रचनेत पहिल्या वर्षी तीन विषयांचा गट असे आणि स्टॅट्सच्या गटात बहुधा गणित असायचंच. आता मायनर विद्यार्थ्याने निवडायचा, तोही कुठल्याही शाखेतला चालतो. निवडीचं स्वातंत्र्य मिळालं, असं या निर्णयाचे समर्थक म्हणतात. ते खरंही आहे. पण मुंबईत चार पर्याय असतात. सावंतवाडी, चिपळूण किंवा दापोलीच्या मुलाला जवळच्या कॉलेजात जे शिक्षक आहेत तोच मायनर मिळतो. गणित सुटलं की पुढे रिग्रेशनमधलं मॅट्रिक्स आणि संभाव्यतेतलं इंटिग्रेशन, दोन्ही अडतं. ही गोष्ट निर्णय घेताना पुरेशी तोलली गेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या रचनेत एक गोष्ट मात्र फार चांगली आहे: फील्ड प्रोजेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन करायचा अभ्यास. आंब्याचा हवामानावर आधारित फळपीक विमा पाहा. अवेळी पाऊस, तापमानातला चढउतार, वाऱ्याचा वेग हे सगळं महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजतात आणि भरपाई त्या नोंदीवर ठरते, बागेतल्या प्रत्यक्ष नुकसानीवर नाही. केंद्र खाडीकाठी आणि बाग वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर असेल, तर दोन्हीकडच्या नोंदींत किती फरक पडतो? बंदरावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाजही नमुना निवडूनच काढतात. दोन्ही विषय कॉलेजपासून एसटीच्या अंतरावर आहेत.