फ्रोमेलच्या चिखलात हरवलेली नावे

२००७ साली उत्तर फ्रान्समधल्या फ्रोमेल या गावाबाहेर, एका लहानशा राईच्या कडेला, ग्लासगो विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांचे पथक धातुशोधक यंत्र फिरवीत होते. खोल खणायचे नव्हते. वरच्या मातीत काय लागते तेवढेच पाहायचे होते. त्या मातीत एक छोटे पदक सापडले. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील अल्बर्टन नावाच्या ग्रामीण परगण्याने आपल्या भागातली मुले पहिल्या महायुद्धावर निघाली तेव्हा त्यांना शुभेच्छा म्हणून जी पदके दिली होती, त्यांपैकी ते एक होते. ती राई मात्र १९१६ साली जर्मन फळीच्या मागे होती आणि लढाईत ऑस्ट्रेलियन सैनिक तिथवर पोचलेच नव्हते. म्हणजे हे पदक गळ्यात किंवा खिशात बाळगणारा माणूस मेल्यावरच तिथे आणला गेला असणार.

फ्रोमेलची लढाई १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सहा वाजता सुरू झाली. दक्षिणेला सोम नदीच्या आघाडीवर चाललेल्या मोठ्या लढाईकडे जर्मनांना इथून कुमक पाठवता येऊ नये, एवढ्यासाठी ऑस्ट्रेलियाची पाचवी आणि ब्रिटनची एकसष्टावी डिव्हिजन सपाट, उघड्या, पाणथळ रानातून मशीनगनच्या तोंडी दिली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजदाद झाली तेव्हा एकट्या ऑस्ट्रेलियाचे मृत, जखमी, कैदी आणि बेपत्ता मिळून ५,५३३ सैनिक कमी झाले होते, आणि त्यांतले जवळपास दोन हजार मेले होते. दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या पट्ट्यात जखमी कण्हत पडले होते. त्यांना उचलण्यापुरता युद्धविराम करण्याची बोलणी आघाडीवरच्या सैनिकांनी सुरूही केली होती, पण वरिष्ठांनी ती मोडून काढली. जे तिथे राहिले ते तिथेच राहिले, आणि त्यांच्या नावापुढे ‘बेपत्ता’ असा शेरा पडला.

‘बेपत्ता’ या शब्दाभोवती पुढे अनेक गूढकथा रचल्या जातात, पण बहुतेक वेळा तो कारकुनी शब्द असतो. हजेरीच्या वेळी माणूस हजर नाही, इस्पितळाच्या यादीत नाही, कैद्यांच्या यादीत नाही आणि त्याचा मृतदेह कोणी पाहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळी ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकाकडे ओळखीचा एकच बिल्ला असे. सैनिक मेला की मृत्यूची नोंद करण्यासाठी तो बिल्ला काढून घेतला जाई, म्हणजे मृत्यूचा पुरावा हाती येताच मृतदेहाची ओळख पुसली जात असे. ही चूक ध्यानात येऊन सप्टेंबर १९१६ मध्ये प्रत्येकाला दोन बिल्ले देण्याचा हुकूम निघाला, एक काढून घेण्यासाठी आणि एक मृतदेहाबरोबर ठेवण्यासाठी. फ्रोमेलच्या माणसांना तो दोन महिने उशिरा पडला.

जर्मनांनी मात्र आपल्या हद्दीतले मृतदेह कागदोपत्री नीट हाताळले होते. लढाईनंतर दोनच दिवसांनी, २१ जुलैला, बव्हेरियन रेजिमेंटच्या प्रमुखाने फेझंट वूड या त्याच राईच्या दक्षिणेला सुमारे चारशे मृतदेहांसाठी सामुदायिक खड्डे खणण्याचा लेखी आदेश काढला. मृतांच्या अंगावरचे बिल्ले आणि चीजवस्तू काढून रेडक्रॉसच्या मार्फत पलीकडे पाठवण्यात आल्या. त्या याद्या ऑस्ट्रेलियात पोचल्या, घरोघर पत्रे गेली, आणि मग ही सारी कागदपत्रे वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या दप्तरखान्यांत जाऊन पडली. युद्ध संपल्यावर समाधीपथकांनी हा टापू पालथा घातला, पण राईच्या कडेची जागा त्यांच्या हातून सुटली.

ती जागा पुन्हा वर आली ती लॅम्बिस एंगलेझोस या मेलबर्नच्या निवृत्त कलाशिक्षकामुळे. जवळच्या व्हीसी कॉर्नर या दफनभूमीत ४१० अनोळखी ऑस्ट्रेलियन पुरलेले आहेत. तिथे एकाही कबरीवर दगड नाही, फक्त एका भिंतीवर एक हजाराहून अधिक बेपत्तांची नावे कोरली आहेत. एंगलेझोस यांनी बेपत्तांची संख्या आणि आसपासच्या दफनभूमींतल्या अनोळखी ऑस्ट्रेलियनांची संख्या समोरासमोर मांडली, आणि हिशेब जुळेना. इतकी माणसे कमी पडत असतील तर ती कुठेतरी एकत्र पुरलेली असणार, हा त्यांचा तर्क होता. लढाईनंतर काही दिवसांतच ब्रिटिश विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांत राईच्या कडेला आठ लांबट खड्डे स्पष्ट दिसत होते. नंतरच्या छायाचित्रांत त्यांतले काही बुजवलेले दिसत होते, आणि ते पुन्हा उकरल्याची खूण मात्र कुठेच नव्हती. अधिकाऱ्यांनी बराच काळ दाद दिली नाही, तरी हा माणूस वर्षानुवर्षे मागे लागून राहिला. इतिहासाच्या कामात अशा चिवट माणसांचे मोल फार मोठे असते असे मला वाटते.

२००८ साली चाचणी म्हणून खणले तेव्हा हाडे लागली आणि २००९ मध्ये संपूर्ण उत्खनन झाले. आठपैकी पाच खड्डे भरलेले होते, एकात मोजके मृतदेह होते, आणि एकूण २५० सैनिकांचे अवशेष वर काढले गेले. माती चिकण आणि पाण्याने भिजलेली होती. अशा मातीत हवा फारशी खेळत नाही, त्यामुळे बुटांचे चामडे, कापडाचे तुकडे, क्वचित कागदसुद्धा टिकून राहतो. एका सैनिकाजवळ ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल ते पर्थ या रेल्वेप्रवासाचे परतीचे तिकीट निघाले. प्रवास जेमतेम वीस किलोमीटरचा, आणि परतीचा अर्धा भाग न वापरलेला.

हाडांवरून आधी वय आणि उंची काढतात. गळपट्टीच्या हाडाचे, म्हणजे हासळीचे, छातीकडचे टोक सर्वांत उशिरा, विशीत केव्हातरी पूर्ण जुळते, त्यामुळे ते जुळले आहे की नाही यावरून कोवळा मुलगा आणि पुरता वाढलेला माणूस यांतला फरक कळतो. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो आणि तो भरतीच्या कागदावर लिहिलेल्या उंचीशी ताडून पाहता येतो. वयाच्या बाबतीत मात्र कागदावर भिस्त ठेवता येत नाही, कारण भरती होण्यासाठी वय वाढवून सांगणारी मुले त्या काळी पुष्कळ होती. अशा वेळी हाड खरे मानावे लागते.

नाव मात्र हाड सांगत नाही. त्यासाठी डीएनए लागतो, आणि तो दातांत चांगला टिकतो, कारण दाताच्या आतल्या भागाला बाहेरच्या कठीण इनॅमलचे कवच असते. फ्रोमेलला खणणारी माणसे संरक्षक कपडे घालून काम करीत, आणि त्यांच्या स्वतःच्या डीएनएचे नमुनेही आधीच घेऊन ठेवले होते, म्हणजे चुकून त्यांचाच अंश हाडाला लागला तर तो ओळखता यावा. तपासणी मुख्यतः दोन धाग्यांनी होते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून मुलांकडे येतो, आणि वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जाते. अविवाहित सैनिक शंभर वर्षांपूर्वी मेला असेल तर त्याचा आईकडचा धागा त्याच्या बहिणीच्या वंशात, लेकीच्या लेकीकडे असा उतरत आलेला असतो, आणि बापाकडचा धागा भावाच्या वंशात, मुलाच्या मुलाकडे. इंग्रजीत बहिणीचा मुलगा आणि भावाचा मुलगा यांना एकच शब्द आहे; मराठीत भाचा आणि पुतण्या हे वेगळे आहेत, आणि प्रयोगशाळेला नेमका हाच भेद हवा असतो. भाच्याकडे मामाच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए असतो, पुतण्याकडे काकाचे वाय गुणसूत्र असते. यांपैकी कोणताही एक धागा एकटा निर्णायक नसतो, कारण एकच नमुना एकमेकांचे जवळचे नातलग नसलेल्या असंख्य लोकांतही आढळतो. म्हणून डीएनए, हाडांचे मोजमाप, सापडलेल्या वस्तू आणि जर्मन याद्या हे सारे एका मंडळासमोर ठेवले जाई आणि सगळ्यांचा कौल एकीकडे झुकला तरच नाव दिले जाई.

मार्च २०१० मध्ये पहिली ७५ नावे जाहीर झाली. आता हा आकडा १७० च्या पुढे गेला आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने पन्नासहून अधिक वर्षांत प्रथमच एक नवी युद्ध-दफनभूमी उभारली ती तिथे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र कबर मिळाली. जसजसे नमुने जुळत गेले तसतसा ‘फक्त देवाला ठाऊक’ अशा अर्थाच्या मजकुराचा दगड काढून नाव कोरलेला दगड बसवण्यात आला.

हे यश मिळाले ते दोन गोष्टींमुळे: प्रत्येक माणसाचे नाव, वय, उंची आणि घरचा पत्ता लिहिलेला कागद जपला गेला होता, आणि नमुना द्यायला नातलग पुढे आले. यांतले एक जरी नसेल तर प्रयोगशाळा हतबल होते. फ्रोमेलपासून काही किलोमीटरवर न्यू शापेल इथे भारतीय सैनिकांचे स्मारक आहे; ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची स्मृती तिथे जपली आहे. त्याच परिसरात रिशबूर गावाजवळ २०१६ साली खोदकामात दोन भारतीय सैनिकांचे अवशेष सापडले. गणवेशावरच्या ३९ या आकड्यावरून ते एकोणचाळिसाव्या गढवाल रायफल्सचे आहेत हे कळले, आणि २०१७ साली लावांतीच्या दफनभूमीत त्यांचा लष्करी इतमामाने दफनविधी झाला. पलटण कळली, नावे कळली नाहीत.

इराकमधल्या बसऱ्याचे स्मारक मला याहून अस्वस्थ करते. सहावी पुणे डिव्हिजन कूत अल अमारा इथे पाच महिने वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनिशी शरण गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. पुढे वाळवंटातल्या सक्तीच्या चालीत आणि बंदिवासात कैदी उपासमारीने आणि रोगाने मोठ्या संख्येने मेले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला भिंती उभारल्या गेल्या. त्यांवर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतके भारतीय सैनिक’ असा फक्त आकडा लिहिला.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या महायुद्धात कामी आले, असे तिथे अभिमानाने सांगितले जाते. आपल्याकडच्या कित्येक गावांत त्या काळी सरकारने बसवलेले संगमरवरी फलक आजही चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत आहेत: या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. त्या सैनिकांच्या बहिणींचे आणि भावांचे वंशज त्याच गावांत आहेत आणि त्यांच्या दातांत व रक्तात ते दोन्ही धागे शाबूत आहेत. उद्या कूतच्या वाटेवर एखादा सांगाडा सापडला, तर कोणत्या घरी नमुना मागायला जायचे हे त्या फलकावरून कळणार नाही.