स्थितांबर तापतं तेव्हा त्याच्या वर काय होतं?

१९५२च्या हिवाळ्यात बर्लिनचे हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड शेरहाग रेडिओसोंडच्या नोंदी तपासत होते. फुग्याला टांगलेलं हे छोटं यंत्र वर जाता जाता तापमान कळवत राहतं. स्थितांबरातला, म्हणजे जमिनीपासून साधारण १० ते ५० किलोमीटरवरच्या हवेच्या थरातला, पारा काही दिवसांतच भलताच चढलेला दिसला. शेरहाग यांनी या तापण्याला 'स्फोटक' म्हटलं. पुढे काही काळ 'बर्लिन घटना' हेच नाव चाललं.

कोडं असं, की हे तापणं ध्रुवाभोवतीचं, आणि तिथे हिवाळ्यात रात्र असते. ऊन नाही, मग ऊब आली कुठून? उत्तर मिळायला जवळपास २० वर्षं गेली. १९७१ मध्ये तारो मात्सुनो यांनी दाखवलं, की डोंगररांगांमुळे आणि जमीन-समुद्राच्या तापमानातल्या फरकामुळे उठणारे ग्रहीय तरंग, म्हणजे हवेतल्या हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा, वर चढून ध्रुवाभोवती पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांना लगाम घालतात. वारा मंदावला की हवा ध्रुवाकडे सरकते, खाली उतरते, दाबली जाते आणि तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, तसंच. फक्त इथे आठवड्याभरात ३० ते ५० अंशांची वाढ होते. दक्षिण गोलार्धात हे फार क्वचित घडतं. सप्टेंबर २००२ मध्ये घडलं तेव्हा ओझोनचं छिद्रच दुभंगलं.

'तापणं' हे नाव मात्र मला अर्धवट वाटतं. बर्लिनच्याच कारिन लाबित्स्के यांनी १९७२ मध्ये मांडलं, की खाली स्थितांबर तापत असताना त्याच्या वरचा थर, मध्यांबर, गारठतो. यामागे आहेत गुरुत्वीय तरंग. (आइनस्टाइनच्या गुरुत्वलहरींशी यांचं नातं नाही, या हवेतल्याच लहान लाटा.) एरवी हिवाळ्यात त्यातले पश्चिमेकडे जाणारे तरंग मध्यांबरात पोचून फुटतात आणि त्या रेट्याने ध्रुवावरची हवा खाली उतरत राहते. अंधारातही मध्यांबर उबदार राहतं ते यामुळेच. स्थितांबरातला वारा मंदावून उलट्या दिशेने वाहू लागला की नेमकी याच तरंगांची वाट अडते. हवा उतरायची थांबते, उलट वर चढू लागते, प्रसरण पावते आणि थंड होते.

२००६ आणि २००९च्या जानेवारीत उपग्रहांना याहून मोठं नवल दिसलं. स्थितांबर आणि मध्यांबर यांमधली उबदार सीमा, म्हणजे स्थितस्तब्धी, एरवी ५० किलोमीटरच्या आसपास असते. ध्रुवावर ती विरूनच गेली. वारे पूर्ववत झाले, तरंगांची वाट मोकळी झाली, आणि ती पुन्हा उगवली ती थेट ७५ ते ८० किलोमीटरवर. तिथून मूळ जागी उतरायला तिला कित्येक आठवडे लागले.