गिरणीबंदी आणि कामगारांचं आरोग्य (मुंबई)

मुंबईच्या कापड गिरण्या बंद पडल्यावर नोकरी गेलेल्या कामगारांच्या तब्येतीवर आणि घरावर जे परिणाम झाले त्याबद्दलची ही नोंद.

नोकरी नक्की कधी गेली यावरच मतभेद आहेत. कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरण्यांतला संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, साधारण अडीच लाख कामगार त्यात होते, यावर बहुतेकांचं एकमत. शेवट मात्र कोणी १९८२ चा, कोणी १९८३ चा धरतात, कारण संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला, बाकीच्यांत काही लोक परत घेतले गेले, बरेच नाहीत, बदलीवाल्यांचं (गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर घेतलेल्यांचं) नाव तर हजेरीपटावर पक्कं कधी नव्हतंच. त्यामुळे एकच तारीख धरण्यापेक्षा १९८२ पासून नव्वदीतल्या व्हीआरएसपर्यंतचा (स्वेच्छानिवृत्ती योजनेपर्यंतचा) सगळा काळ धरणं जास्त बरोबर वाटतं.

दुसरा वाद म्हणजे आजारामुळे नोकरी जाते की नोकरी गेल्यामुळे आजार येतो? गिरणीच बंद पडली की धडधाकट आणि आजारी दोघंही एकदम बाहेर पडतात, म्हणून अशा बंदीवरचे अभ्यास जास्त भरवशाचे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या, कायम कामगारांवर २००९ साली आलेल्या अभ्यासात, नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या काळात मृत्युदर ५० ते १०० टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि वीस वर्षांनंतरही १० ते १५ टक्के जास्तच होता. त्याआधी १९३३ साली ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गिरणीगावावर याहोदा, लाझार्सफेल्ड आणि झाइझेल यांचा अभ्यास आला. तिथे पुरुषांकडे वेळच वेळ, तरी लायब्ररीतून नेलेली पुस्तकं कमी झाली, रस्त्यावरची चालसुद्धा मंदावली. बायकांचं घरकाम मात्र होतं तेवढंच राहिलं.

गिरणगावात, म्हणजे मुंबईतल्या गिरण्यांच्या वस्तीत, एक गोष्ट वेगळी आणि फार क्रूर होती. कापसाच्या धुळीने बायसिनोसिस होतो, छाती आवळते, धाप लागते, वर्षानुवर्षं धूळ खाल्ली की काम सुटल्यावरही फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत. औषधपाणी ईएसआयवर (कर्मचारी राज्य विमा योजनेवर) चालायचं आणि ईएसआय पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर, म्हणजे धुळीचा आजार अंगात राहिला आणि उपचाराचा हक्क नोकरीबरोबर गेला. पुढे खाजगी डॉक्टर, नाहीतर केईएम या सरकारी रुग्णालयाची रांग.

घरात बायका धुणीभांडी, पोळ्या लाटणं, शिवणकाम अशा कामांना लागल्या, मुलांच्या शाळा सुटल्या. खानावळी महिन्याच्या उधारीवर चालायच्या, पगार थांबल्यावर त्या चालवणाऱ्या बायकांचीही कमाई आटली. कोकणात, साताऱ्याकडे गावी परतलेल्यांची मनीऑर्डर बंद झाली ती झालीच.

पुढे गिरणी कामगारांसाठी म्हाडाने (राज्याच्या गृहनिर्माण संस्थेने) दिलेल्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेले कामगार पात्र धरले. पहिली सोडत २०१२ ला निघाली, तोवर कित्येक कामगार वारले होते, त्यांच्या जागी वारसांनी अर्ज केले.