अंक कोणाच्या हातात पडणार आहे?
स्मरणिका, शाळेचे वार्षिकांक, त्रैमासिकं आणि दिवाळी अंक छापून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अंक काढायचं ठरलं की मंडळी दुकानात येतात आणि पहिला प्रश्न असतो, "शंभर पानांचे किती लागतील?" दुसरा, "कव्हर मल्टिकलर होईल ना?" आमचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो: हा अंक वाचणार कोण? उत्तर "सगळेच" असं आलं की आम्ही चहा मागवतो, कारण आता बसून बोलावं लागणार. अक्षर केवढं, कागद कोणता, फोटो रंगीत की साधे, मुखपृष्ठावर काय, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. रंगाची निवड ही त्यानंतरची गोष्ट.

वाचक डोळ्यांसमोर आणा

समजा, शेतकरी उत्पादक कंपनीचं त्रैमासिक आहे. सभासद बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे. अंक त्यांना खताच्या दुकानात नाहीतर संकलन केंद्रावर हातात मिळतो, घडी होऊन पिशवीत जातो आणि रात्री जेवणं झाल्यावर ओसरीतल्या बल्बखाली उघडला जातो. चष्मा सापडला तर ठीक, नाहीतर नात मोठ्यानं वाचून दाखवते. अशा अंकात दहा पॉइंटचं अक्षर घालणं म्हणजे छापून न छापल्यासारखं. "येवढं बारीक कोनाले दिसते जी?" हे वाक्य आम्ही प्रकाशन समारंभातच ऐकलेलं आहे. इथे अक्षर तेरा-चौदा पॉइंटचं घ्यावं. लेख शक्यतो एका पानात, फार तर समोरासमोरच्या दोन पानांत संपवावा. 'उर्वरित पान २७ वर' असं लिहिलं की वाचक सत्ताविसाव्या पानापर्यंत जात नाही, अंक मिटवतो.

मथळ्याचंही तेच. 'पांढऱ्या सोन्याची व्यथा' हा मथळा दिवाळी अंकात शोभेल. त्रैमासिकात 'कपाशी: सप्टेंबरात फुलांत काय पाहायचं' हाच चालतो, कारण वाचक माहितीसाठी आलेला असतो आणि त्याला ती आहे की नाही हे मथळ्यावरूनच कळलं पाहिजे.

शाळेच्या वार्षिकांकात वाचक आधी स्वतःचं नाव शोधतो, मग स्वतःचा फोटो, मग मित्राचा. घरी आईवडीलही तेच करतात. म्हणून वर्गाचा ग्रुप फोटो अर्ध्या पानात कोंबू नका. साडेसहा इंच रुंदीत एका रांगेत पंधरा मुलं बसली तर एका मुलाच्या वाट्याला जेमतेम अकरा मिलिमीटर येतात, आणि चेहऱ्याला त्याच्या निम्मेच. फोटो आणखी लहान केला तर ओळख पटणं संपलं. दोन पानांवर पसरलेला फोटोही नको. मधल्या शिवणीत दोन-तीन पोरांचे चेहरे जातात आणि नेमके त्यांचेच पालक शाळेत येतात.

पतसंस्थेच्या अहवालात मागच्या आणि चालू वर्षाचे आकडे शेजारी-शेजारी, उजवीकडून एका रेषेत लावलेले असले की झालं. तिथे सजावटीची गरज नाही.

मराठी अक्षराला जागा लागते

इंग्रजी मासिकाचं पान दाखवून "अगदी असंच पाहिजे" म्हणणारे बरेच येतात. पान सुंदर असतं, पण त्यात मराठी मजकूर ओतला की ते कोंदटतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. त्या सगळ्यांना जागा द्यायची म्हणून मूळ अक्षर लहान पडतं. त्यामुळे बारा पॉइंटची मराठी ओळ बारा पॉइंटच्या इंग्रजी ओळीपेक्षा बारीक दिसते. आकडा बघून अक्षर ठरवू नका, कागदावर काढलेला नमुना हातात धरून ठरवा. ओळींमधली जागाही सढळ हवी: बारा पॉइंटच्या अक्षराला एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत निदान सोळा-सतरा पॉइंट. नाहीतर वरच्या ओळीतल्या 'मृत्यू'चा ऊकार खालच्या 'वर्षी'च्या रफारात अडकतो.

दुसरी अडचण लांब शब्दांची. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, 'बाजारसमित्यांमधल्या', 'शेतकऱ्यांसाठीसुद्धा' असे शब्द तयार होतात. वर्तमानपत्रासारखे तीन-चार अरुंद रकाने पाडले आणि दोन्ही कडा सरळ केल्या की एका ओळीत दोनच शब्द बसतात आणि मधे बैलगाडी जाईल एवढी फट पडते. ए-फोर आकारात दोन रकाने पुरे. डेमी अष्टमांश म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पानाला एकच रकाना, आणि उजवी कड थोडी उंचसखल राहिली तरी राहू द्या. वाचणाऱ्याला ती खटकत नाही.

सुलेखनाचं वळणदार अक्षर अंकाच्या नावाला शोभतं. संपादकीय त्यात लावायचा हट्ट काही मंडळी करतात. आम्ही एक परिच्छेद तसा काढून त्यांच्याच हातात वाचायला देतो, मग हट्ट राहत नाही. अख्ख्या अंकात दोन, फार तर तीन प्रकारचे टाइप. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे असलेला टाइपच घ्या. पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या डोळ्याला हिंदी वळण परकं वाटतं, का ते सांगता येत नसलं तरी.

आणि एक खास सूचना. मोबाइलवर लिहिलेला मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉण्टमध्ये आणताना 'शेतकऱ्यांना' हा शब्द हमखास मोडतो आणि 'शेतकर्यांना' होतो. 'वाऱ्या', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांचंही तेच. शेतीच्या अंकात हा शब्द पानोपानी असतो. प्रूफ वाचताना आधी तोच शोधा.

रंग कुठे खर्चावा

बजेट कमी असलं की रंग मुखपृष्ठावर आणि आतला अंक एकरंगी, हा ठरलेला रिवाज. तो प्रत्येक वेळी बरोबर असतोच असं नाही. गुलाबी बोंडअळीवरच्या लेखात डोमकळीचा फोटो असतो. पाकळ्या न उमलता गुलाबासारख्या मिटून राहिलेलं कपाशीचं फूल म्हणजे डोमकळी, अळी आत असल्याची खूण. काळ्या-पांढऱ्या छपाईत ती साध्या कळीसारखी दिसते. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकचा फोटो तर एकरंगी छापण्यात अर्थच नाही, तिथे पिवळेपणा हीच माहिती आहे. अशा अंकाला आम्ही सुचवतो: मुखपृष्ठ दोन रंगांत करा आणि मधली चार पानं चाररंगी, म्हणजे पूर्ण रंगीत घ्या. त्यांवर निरोगी पान आणि रोगट पान शेजारी-शेजारी, मोठं. ती चार पानं पिना उचकून काढता येतात आणि कृषी केंद्राच्या भिंतीवर चिकटतात.

उलट सभेचे, सत्काराचे, हार घालतानाचे फोटो एकरंगी छापले तरी काही बिघडत नाही. आणि असे वीस फोटो लहान-लहान लावण्यापेक्षा चार मोठे लावा.

काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं हौसेनं मागितली जातात. मॅपलिथो म्हणजे साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर शाई पसरते आणि बारीक पांढरी अक्षरं भरून जातात, 'घ' आणि 'ध' एक होतात. मथळ्यापुरतं ठीक, मजकुराला नको. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कधीच नको.

मुखपृष्ठ

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांची पोस्टरं लागतात. कलावंतांचे चेहरे, भडक रंग, नाटकाचं नाव ठळक. चालत्या गाडीवरून दिसावं म्हणून ते तसंच असायला हवं आणि ते काम ते चोख करतं. पण अंक हातभर अंतरावरून पाहतात. त्याच्या मुखपृष्ठावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि मान्यवर मिळून अकरा चेहरे आले की डोळा कुठेच ठरत नाही. एक चित्र, अंकाचं नाव आणि आतल्या दोन-तीन लेखांची नावं पुरेत.

दिवाळी अंकाचं वेगळं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा वाचक तयार होत आला आहे. तो सावकाश वाचतो आणि अंक ठेवून देतो, त्यामुळे त्याला चित्र, मोकळी जागा, लांब लेख चालतात. मात्र स्टॉलवर तुमचा अंक पुण्या-मुंबईच्या अंकांच्या गर्दीत एकावर एक रचला जातो आणि वरची चार बोटंच दिसतात. नाव तिथेच हवं.

शुभेच्छा आणि जाहिराती

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्याकडच्या स्मरणिकेत पहिली बारा-चौदा पानं शुभेच्छा संदेशांची असतात. संदेश पाठवणाऱ्याखेरीज ती कोणी वाचत नाही. संदेश गाळा असं आम्ही म्हणत नाही, संबंध जपावे लागतात. एका पानावर चार संदेश, फोटोसकट, अंकाच्या शेवटी. पहिल्या उजव्या पानावर तुमचा सर्वांत चांगला लेख. जाहिराती मात्र विखरून द्या. सगळ्या शेवटी ढकलल्या तर पुढच्या वर्षी बियाण्याचा दुकानदार पैसे देणार नाही. पाण्याच्या लेखासमोर ठिबकवाल्याची जाहिरात आली तर वाचक तीही वाचतो.

कागद आणि पानं

मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत असतात. पंचेचाळीस पानांचा मजकूर आणलात तर तीन पानं कोरी राहतील नाहीतर एक कापावं लागेल. गुळगुळीत आर्ट पेपर म्हणजे भारी अंक असा समज आहे, पण त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि म्हाताऱ्या माणसाला पान तिरपं धरून वाचावं लागतं. वाचायची पानं ७० किंवा ८० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथोवर, फोटोंची तेवढी आर्ट पेपरवर. खर्चही वाचतो.

येताना

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की बारीक होऊन येतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. चार इंच रुंद छापायचा फोटो निदान १२०० पिक्सेल रुंद हवा. मजकूर एकाच माणसानं गोळा करून एकदाच द्यावा. प्रूफ आम्ही कागदावर देतो. ते समितीत फिरवण्याआधी ज्याच्यासाठी अंक आहे अशा एखाद्या माणसाला, समितीबाहेरच्या, दहा मिनिटं वाचायला द्या. तो कुठे थांबला तिथे पेनानं खूण करून आणा. सही झाल्यावर छपाईची प्लेट बनते, आणि त्यानंतर बदललेल्या प्रत्येक पानाचा खर्च वेगळा लागतो.