पर्याय दिसतो, पण निवडता येत नाही: कथाप्रधान गेम आणि खेळणाऱ्याचं मन

विदर्भातल्या खेड्यात मोबाइल गेम म्हटलं की लुडो, फ्री फायर नाहीतर बीजीएमआय. त्यांत हारजीत असते, चिडचिड असते, जल्लोष असतो. पण फोन खाली ठेवला की विषय संपतो. गेमची दुसरीही एक जात आहे. तिच्यात गुण नसतात, शत्रू नसतो, कधीकधी चालत राहण्यापलीकडे करायलाही काही नसतं, आणि तरी खेळणारा गलबलून जातो. ही जात घडवणाऱ्यांनी चाळीसेक वर्षांत मोजक्याच युक्त्या शोधल्या. त्यातली एक कर्जाच्या आणि नापिकीच्या गोष्टीला नेमकी लागू पडते आणि एक सपशेल उलटते, म्हणून हा इतिहास इथे मांडायचा.

सुरुवात निव्वळ अक्षरांपासून झाली. 1976 मध्ये विल क्राउदरने गुहेत फिरण्याचा एक मजकुरी गेम लिहिला आणि पुढच्या वर्षी डॉन वुड्सने तो वाढवला. पडद्यावर वर्णन यायचं, खेळणाऱ्याने हुकूम टाइप करायचा. 1983 च्या ‘प्लॅनेटफॉल’मध्ये स्टीव्ह मेरेत्स्कीने याच साच्यात फ्लॉइड नावाचा पोरकट यंत्रमानव आणला. तो तासन्‌तास मागेमागे फिरतो, बडबडतो, आणि शेवटाकडे आपल्याऐवजी धोक्याच्या खोलीत शिरून जिवानिशी जातो. चित्र एकही नाही. तरी त्या काळच्या कितीतरी खेळणाऱ्यांना तो प्रसंग जन्मभर आठवत राहिला. कारण साधं आहे: ते दार उघडायचा हुकूम खेळणाऱ्यानेच दिलेला असतो.

नुसतं पाहणं आणि स्वतः करणं यांतला हा फरक आपल्याकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज नाही. झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक चालतं, बाया-माणसं पदराला नि रुमालाला डोळे पुसतात. पण नायकाचं काय व्हायचं ते प्रेक्षकाच्या हातात नसतं. गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीत वेगळी होती. ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज काढून सण करावा का, हे माणूस स्वतः चारचौघांत ‘नाही’ म्हणून बसला की घरी जाताना ते त्याच्या अंगाला चिकटलेलं असे. गेमचा भावनिक परिणाम या दुसऱ्या जातीचा आहे.

2007 मध्ये जेसन रोररने ‘पॅसेज’ काढला. खेळ पाच मिनिटांचा, पडदा 100 बाय 16 पिक्सेलचा, म्हणजे एक बारीक पट्टी. माणूस डावीकडून उजवीकडे चालतो. वाटेत बाई भेटते. तिला सोबत घेतलं तर अरुंद फटींतून जाता येत नाही, काही खजिने सुटतात. दोघं म्हातारे होतात, ती आधी जाते, मग याचीही चाल मंदावते. सगळा अर्थ त्या फटीच्या रुंदीत आहे, संवादात नाही. नियमातूनच भावना निर्माण होते, हे इतक्या थोडक्यात आधी क्वचितच कुणी दाखवलं होतं.

2013 चा ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ ही युक्ती थेट बोटांत नेतो. गेमपॅडची, म्हणजे दोन हातांत धरायच्या नियंत्रकाची, डावी काडी आणि तिकडचं बटण थोरल्या भावाचं, उजवीकडचं धाकट्याचं. धाकट्याला पाण्याची धास्ती. थोरल्याच्या पाठीला धरूनच तो पोहतो. थोरला मेल्यावर पुन्हा पाणी आडवं येतं. धाकट्याचं बटण दाबून काही होत नाही. इतका वेळ निकामी पडलेलं थोरल्याचं बटण दाबलं, तरच पोर पाण्यात उतरतं. गेल्या माणसाचा आधार कसा उरतो, हे इथे बोटाला कळतं. फोनच्या काचेवर मात्र हा परिणाम निम्म्यावर येतो, कारण डाव्या-उजव्या काडीचा स्पर्शच नसतो.

मग अपराधभाव. ब्रेंडा रोमेरोच्या ‘ट्रेन’ला (2009) संगणकही लागत नाही. पटावरच्या डब्यांत पिवळी माणसं कोंबायची आणि गाडी मुक्कामी पोचवायची. पोचल्यावर पत्ता उलटला की नाझींच्या छळछावणीचं नाव निघतं. 2014 मध्ये पोलंडच्या 11 बिट स्टुडिओजने ‘धिस वॉर ऑफ माइन’ काढला. त्यामागे 1990 च्या दशकात बोस्नियातल्या साराजेव्हो शहराला पडलेल्या वेढ्याची प्रेरणा आहे. वेढ्यातल्या सामान्य माणसांनी जगायचं, त्यासाठी वेळप्रसंगी म्हाताऱ्या जोडप्याचं घर लुटायचं. लुटून आलेलं पात्र खचतं, काम सोडतं. 2020 मध्ये पोलंडने हा गेम 18 वर्षांवरच्या विद्यार्थ्यांच्या पूरक वाचनात घेतला. तो मोबाइलवरही मिळतो, पण आपल्या भागात शिफारस करताना जपून: अगदी मोडून पडलेलं पात्र त्यात आत्महत्याही करतं. ज्या घरात तसं घडून गेलंय, तिथल्या पोराच्या हाती हा गेम देऊ नये.

या सगळ्यांत हातानं काही केल्याचं ओझं आहे. 2013 च्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ने नेमकं उलट केलं. झोई क्विन आणि सहकाऱ्यांनी ट्वाइन या फाटे फुटणाऱ्या मजकुरी गोष्टी बनवायच्या फुकट साधनात तो बनवला. प्रसंगाखाली पर्याय येतात. मित्राला मनातलं सांगणं, पार्टीत मनापासून रमणं असे शहाणपणाचे पर्यायही असतात, पण त्यांवर काट मारलेली असते. दिसतात, वाचता येतात, निवडता येत नाहीत. नैराश्य जितकं वाढेल तितक्या काटा वाढतात. ‘थोडं मन घट्ट कर की’ असा सल्ला देणाऱ्याला ती काट जे सांगते, ते पानभर वर्णन सांगू शकत नाही.

आता उलटणारी युक्ती. अमेरिकेत 2011 मध्ये ‘स्पेंट’ नावाचा वेबगेम निघाला: तुटपुंज्या पैशात महिना काढायचा. खेळणाऱ्याला गरिबाबद्दल कणव वाटावी हा हेतू. जीना रूसोस आणि जॉन डोव्हिडिओ यांनी 2016 मध्ये छापलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. स्वतः खेळलेल्यांची गरिबांबद्दलची भावना सुधारली नाही, काहींच्या बाबतीत ती उलट बिघडली. दुसऱ्याचा खेळ नुसता पाहणाऱ्यांवर मात्र चांगला परिणाम झाला. कारण असं की प्रत्येक पायरीला निवड मिळाली की माणूस समजतो, नीट निवडलं तर निभावतं. मग ज्याचं निभलं नाही त्याचीच चूक.

शेतकऱ्याच्या कर्जावर गेम करणाऱ्यांनी इथेच थांबून विचार करावा. ‘योग्य निर्णय घ्या, शेतकरी वाचवा’ असा आराखडा हमखास डोक्यात येतो आणि तोच घातक आहे.

खरीप कापसाची गोष्ट ट्वाइनमध्ये बसवायची तर पाच टप्पे पुरतात: एप्रिल-मेमध्ये पीककर्ज, जूनमध्ये पेरणी, पाऊस दडला तर दुबार पेरणी, ऑक्टोबरात बोंडअळी, दिवाळीनंतर वेचणी आणि विक्री. आकडे दोनच ठेवावेत, हातातला पैसा आणि मनाचा थकवा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हा कृषी विद्यापीठाचा सल्ला गोष्टीत जरूर यावा. पण सल्ला पाळला की पीक हमखास येतं असा नियम बांधला, तर ‘स्पेंट’चीच चूक पुन्हा होते. पेरणीनंतरचा पावसाचा खंड यादृच्छिक, म्हणजे नशिबावर, ठेवावा. ट्वाइनमध्ये गोष्ट लिहायचे वेगवेगळे प्रकार आहेत; त्यातल्या हार्लोत अनेक शक्यतांतून एक उचलणारी आज्ञा आहे, ती इथे वापरावी. सगळंच नशिबावर सोडलं तर मात्र वाचणारा नुसता बोट आपटत पुढे जातो. म्हणून पीक हातात नको, वागणूक हातात हवी: सोसायटीचं आधी फेडायचं, कृषी केंद्राची उधारी की सावकार, बायकोला खरा आकडा सांगायचा की नाही, वेचणाऱ्या बायांची मजुरी थकवायची का. आणि थकवा वाढेल तशी ‘भावाला फोन करतो’ या पर्यायावर काट. मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन लहरी (~~) दिल्या की हार्लोत काट पडते. लिंकचे चौकटी कंस मात्र तिथून काढावेत, नाहीतर काट असूनही दाबता येतं आणि सगळा अर्थच जातो.

चुका बहुतेक याच होतात. सहा ठिकाणी दोन-दोन फाटे फोडले की 64 शेवट होतात आणि लिहिणारा मध्येच दमतो; दर टप्प्याला फाटे पुन्हा एकत्र आणावेत, फरक आकड्यांत साठवावा. हार्लोच्या डाव्या कडेला मागे जायचा बाण आपोआप येतो. मजुरी थकवून मागे येता येत असेल तर अपराधभाव राहत नाही. स्टाइलशीटमधून (पान कसं दिसावं ते लिहायच्या जागेतून) ती कडपट्टी लपवावी. मात्र ‘इथेच थांबतो’ असा दुवा प्रत्येक पानावर द्यावा. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आधी युनिकोड करून घ्यावा. ट्वाइन ब्राउझरमध्येच चालवत असाल तर गोष्ट ब्राउझरच्या साठ्यात राहते. कुणी डेटा साफ केला की कामही जातं, म्हणून रोज फाइल काढून ठेवावी. बोली वऱ्हाडी हवी की झाडी, हे गाव पाहून ठरवावं. प्रमाण मराठीत ‘आपण कर्ज घेता’ असं लिहिलं की सरकारी पत्रक वाचल्यासारखं वाटतं.

तयार गोष्ट एकच एचटीएमएल फाइल असते. चित्रं नसतील तर ती लहानच राहते आणि एकदा फोनवर आली की रेंज नसतानाही चालते, त्यामुळे जागलीला मचाणावर बसलेल्यालाही वाचता येते. व्हॉट्सअॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. काही फोन तिला साध्या व्ह्यूअरमध्ये उघडतात, तिथे लिंक चालत नाहीत. क्रोममध्ये उघडायला आधीच सांगून ठेवावं.

इंग्रजीची अडचण असलेल्यांसाठी जवळजवळ शब्दावाचून चालणारा ‘फ्लोरेन्स’ (2018) हा मोबाइल गेम चांगली सुरुवात आहे. त्यात संवादाचा फुगा तुकडे जुळवून भरायचा. ओळख नवी असते तेव्हा तुकडे बरेच असतात, मनं जुळत जातात तसे कमी होतात. भांडणात त्यांनाच टोकं येतात. अर्ध्या-पाऊण तासात संपतो. शक्यतो एकट्यानेच खेळू द्यावा, कारण चौघं खांद्यावरून बघत ‘हे दाब, ते दाब’ करू लागले की निवड कुणाचीच राहत नाही.

कर्जाच्या गोष्टीत आत्महत्या हा पर्याय म्हणूनही ठेवू नये आणि शेवट म्हणूनही; पद्धतीचा उल्लेख तर नकोच. थांबण्याच्या दुव्यामागच्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक द्यावा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. क्रमांक नुसता छापू नये, दाबला की थेट फोन लागेल अशी लिंक करावी आणि गोष्ट वाटण्याआधी ती दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर दाबून पाहावी.